परीक्षकाची खुर्ची आणि कोसबाडचे अंगण

काही पुस्तकांची स्तुती करणे सोपे असते. त्यांचे ऐकणे मात्र जड जाते. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे ‘दिवास्वप्न’ हे अशांपैकी एक. मूळ गुजरातीतील हे छोटेखानी पुस्तक मराठी वाचकांनाही अनुवादरूपाने परिचित आहे. ‘खेळातून शिक्षण’ या विषयावरील व्याख्यान त्याच्या नामोल्लेखावाचून सहसा संपत नाही. तरीही आमच्या नाशिकमध्ये, आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत, साडेतीन वर्षांच्या बालकाच्या हाती चौकटीची वही येते आणि त्याला ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत लिहिता आले नाही तर आईचा चेहरा उतरतो. पुस्तकाचा एवढा गौरव होतो आणि आचरणात त्याच्याकडे एवढी पाठ फिरविली जाते, याचे कारण आम्हांस समाजात जसे दिसते तसे काही अंशी पुस्तकातही दिसते. तेच येथे तपासून पाहावयाचे आहे.

गिजुभाई पेशाने वकील होते. माँटेसरीबाईंच्या विचारांचा परिचय झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. ‘दिवास्वप्न’ ही कल्पित कथा आहे. एक हौशी शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभराच्या प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या उमेदीने मुलांना ‘शांतीचा खेळ’ सांगतो. हा खेळ माँटेसरीबाईंचा. मुले मात्र खिदळतात, गोंगाट करतात, आणि घरी बसून आखलेला बेत क्षणात मोडतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो.

या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग आम्हांस हाच वाटतो. परक्या मुलखात सिद्ध झालेली पद्धतही येथल्या मुलांपुढे जशीच्या तशी उभी राहत नाही, हे गिजुभाईंनी आपल्याच नायकाची फजिती करून दाखविले. लहान मुलांना परीकथा सांगण्याबाबत माँटेसरीबाई साशंक होत्या. गिजुभाईंनी गोष्टीलाच मध्यभागी बसविले. गुरूचा आदर राखून गुरूपासून वेगळे होण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

उणीव पुढे आहे. प्रयोगाला परवानगी देतानाच अधिकारी बजावतात की वर्षअखेर परीक्षा होईल आणि तीच प्रयोगाची कसोटी ठरेल. शिक्षक ही अट मान्य करतो. मग खेळ, नाटके, भटकंती, पुस्तकांचा छोटा संग्रह हे सारे वाचकाला मोहवीत जाते. परंतु परीक्षकाची खुर्ची शेवटपर्यंत जागची हलत नाही. खेळाला जिंकायचे असते ते परीक्षेच्याच मैदानावर. त्या काळच्या शाळेत दुसरा मार्ग नव्हता, हे आम्ही जाणतो. पण वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो असा की खेळ ही कडू औषधावरची साखर आहे. आजच्या पुष्कळ ‘प्ले ग्रुप’नी एवढाच ठसा उचलला आहे. भिंतीवर ससे आणि फुलपाखरे रंगविलेली असतात, आणि भिंतीखाली पाच तक्त्यांची घोकंपट्टी चालू असते.

या मर्यादेपलीकडे जो विचार गेला तो पुस्तकात कमी आणि कृतीत अधिक वाचावा लागतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. त्र्यंबकेश्वरच्या पुढे घाट उतरून मोखाडा-जव्हारकडे गेले की त्या आदिवासी पट्ट्याला प्रारंभ होतो. बोर्डीपासून त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे ज्यांचे बालपण खुडले गेले, त्यांनी उरलेले आयुष्य इतरांच्या बालपणाला वाहिले. शिक्षिकेची सनद मिळाल्यावर अनुताईंनी पहिली काही वर्षे अध्यापन केले ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन आमच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे.

बोर्डीला दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो शब्द देशभर पोहोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली आणि ती ‘कुरणशाळा’ झाली. महागड्या साहित्याची जागा शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. या शब्दांतच एक समीक्षा दडलेली आहे. ‘शाळा’ मुलाला आपल्याकडे बोलावते; ‘अंगण’ आणि ‘कुरण’ आधीपासून मुलाचेच असतात, तेथे पाहुणा असतो तो शिक्षक. परीक्षकाची खुर्ची ठेवायला अंगणात जागाच नाही.

यावर पालक विचारतात, चिंचोके मांडून मूल शिकते तरी काय? प्रश्न रास्त आहे. पाच चिंचोके ओळीत ठेवले काय आणि ढीग केले काय, ते पाचच, हे मूल हाताने करून करून ओळखते. फळ्यावरचा ‘५’ त्यानंतर अर्थपूर्ण होतो. माती मळणे, पाणी ओतणे, मणी ओवणे यांतून बोटांचे लहान स्नायू तयार होतात. ते तयार होण्यापूर्वी दिलेली पेन्सिल मुठीत आवळली जाते आणि हात दुखतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ वेगळा करावयास शिकते. आम्ही त्यात एवढीच भर घालू की अक्षर म्हणजेदेखील तेच: एक रेघ, जिला आपण ध्वनी मानतो. भातुकलीत आई होणारी मुलगी, अंगावर ओढणी घेऊन ‘मिस्सा-मिस्सा’ खेळणारा मुलगा, हे दोघेही वाचनाची पूर्वतयारीच करीत असतात.

आणि ही तयारी एवढ्यापुरतीच नसते. रोमानो ग्वार्दिनी यांनी १९१८ मध्ये उपासनाविधीच्या मर्मावर लिहिताना एक संपूर्ण प्रकरण उपासनेतील खेळकरपणाला दिले. उपासना कशाचेही साधन नसते. ती देवासमोर केवळ असणे असते, आणि मुलाचा खेळही तसाच. जे मूल निर्हेतुक आनंदाला पारखे होते ते पुढे प्रार्थनेतही फळाचा हिशेब मांडील, अशी आम्हांस भीती वाटते.

खेळ म्हणजे मोकाट सोडणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अंगणातील बाईंना आदल्या दिवशी बिया निवडाव्या लागतात, गोष्ट तोंडी करावी लागते, कोणते मूल आज गप्प आहे हे टिपावे लागते. हे काम कष्टाचे आहे, आणि ते करणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या पदरी वेतनाऐवजी ‘मानधन’ पडते, हे लांच्छन समाजाने कधीतरी पुसले पाहिजे.

कायदा आणि धोरण आता मुलांच्या बाजूला आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानून खेळाला त्याच्या केंद्रस्थानी ठेवले. तरीही खुर्ची रिकामी राहिलेली नाही. शिक्षणाधिकारी उठून गेले आणि त्या खुर्चीत आपण पालक येऊन बसलो. शेजारच्या मुलाची वही हा आपला मापदंड झाला. शिक्षिका मुलांना मातीत खेळविते ते आपल्याला पाहवत नाही. शुल्क भरले त्याचा लिखित पुरावा आपल्याला हवा असतो.

म्हणून येत्या पालकसभेत ‘मुलगा कोठवर लिहितो?’ हा प्रश्न कोणी विचारू नये, अशी आमची विनंती आहे. वर्गात मुले किती, वाळू आणि पाणी कोठे आहे, दिवसातून किती वेळ मुले स्वतःच्या इच्छेने खेळतात, गोष्ट कोण सांगते आणि ती घरच्या मराठीत सांगते काय, एवढे विचारावे. ज्या धर्मग्रामांत चर्चचे आवार आठवडाभर कुलूपबंद असते, त्यांनी ते सकाळी दोन तास उघडून पाहावे. ‘दिवास्वप्न’चा अधुरा राहिलेला शेवट लिहावयास तेवढे अंगण पुरेल.