‘नाशिकची मुले’ : एका संज्ञेची चिकित्सा

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याची अखेरची रोजनिशी हॉरेस वॉलर याने संपादून १८७४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. आफ्रिकेच्या भूगोलाचे साधन म्हणून या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली आहे. नाशिकच्या अभ्यासकाला मात्र त्यात निराळी सामग्री आढळते. तीत ‘नॅसिक बॉइज’ ही संज्ञा वारंवार येते. ही संज्ञा कोणाला उद्देशून आहे व ती काय झाकते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आश्रयगृहात ठेवण्यात येई. तेथे डब्ल्यू. एस. प्राइस यांच्या देखरेखीखाली त्यांना लेखनवाचन, इंग्रजी, सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईस आला आणि पुढील वर्षीच्या मोहिमेसाठी त्याने यांतील नऊ तरुण बरोबर घेतले. तत्पूर्वीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आदी मंडळी मोंबासानजीकच्या रबाई येथे धर्मप्रसार व अध्यापन यांसाठी गेली होती.

या दोन्ही प्रस्थानांमागे एकच गृहीतक होते. हे लोक आफ्रिकेचे. तेव्हा आफ्रिकेस जाणे म्हणजे स्वगृही परतणे. रोजनिशीतील निर्णय या गृहीतकावर उभे आहेत. हे तरुण मागे रेंगाळतात, शिपायांच्या नादी लागतात, अशी तक्रार १८६६ च्या नोंदींत पुनःपुन्हा आढळते. लेखकाला प्रवासात सोसावे लागलेले हाल पाहता तिच्यातील त्रागा समजू शकतो. परंतु जे परदेशी नवागताच्या बाबतीत गोंधळ म्हणून क्षम्य ठरले असते, तेच येथे स्वभावदोष म्हणून नोंदले गेले आहे. ज्याला घरी परतलेला मानले, त्याला गोंधळण्याची सवलत कोण देणार?

या दृष्टीने अब्राहम नावाच्या तरुणाविषयीची नोंद ग्रंथात विशेष महत्त्वाची ठरते. याओ लोकांच्या मुलखात अब्राहमला त्याचा मामा भेटतो. आई व बहिणी विकल्या गेल्याचे त्याला कळते. येथेच राहा, असा आग्रह मामा करतो, लिव्हिंग्स्टनही करतो. अब्राहम नकार देतो. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहावे कसे, असा त्याचा प्रश्न आहे. ‘स्वगृह’ या शब्दाचा अर्थ त्याने भूमीवरून नव्हे, नात्यावरून केला आहे. आणि हा अर्थ त्याच्याशी वाद घालणाऱ्यांहून अधिक अचूक आहे.

त्याच ठिकाणी लिव्हिंग्स्टन आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवितो. अब्राहम लोहार आहे. पण दगडातून लोखंड गाळता येत नसल्याने त्या प्रदेशात तो जवळजवळ काहीच नाही. त्याला साधी शेती शिकविली असती तर बरे झाले असते, असे लेखकाचे मत. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र अपुरा आहे. शरणपूरच्या भट्टीवर तयार लोखंड येत असे. त्या विद्येमागे बाजार होता, रस्ता होता, गिऱ्हाईक होते. कोणतेही कौशल्य आपल्या भोवतीच्या व्यवस्थेसह शिकले जाते. ती व्यवस्था मागे राहिली की कुशल मनुष्यही अडाणी ठरतो. उणीव अब्राहममध्ये नव्हती, त्याला पाठविणाऱ्यांच्या कल्पनेत होती.

भाषेचेही तसेच आहे. जोन्स मूळचा याओ. याओंचा प्रदेश न्यासा सरोवराच्या बाजूस, तर रबाई मोंबासाच्या किनाऱ्यालगत. याओ, स्वाहिली व रबाईची बोली या तिन्ही बांटू कुलातील असल्या तरी एक जाणणाऱ्यास दुसरी आपोआप कळत नाही. मराठी मनुष्य बंगालमध्ये शिकवू लागला तर त्याला कोणी ‘घरी आला’ म्हणणार नाही. रबाईच्या शिक्षकांच्या वाट्याला मात्र नेमके हेच आले.

संज्ञेचा प्रवासही बोधप्रद आहे. शरणपुरात ज्या संस्थेत ते वाढले, ती ‘आफ्रिकन’ आश्रयगृह म्हणून ओळखली जाई. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेच ‘बॉम्बे आफ्रिकन’ झाले. प्रत्येक ठिकाणी नाव पडले ते मागे सोडलेल्या देशावरून. शिवाय ‘बॉइज’ हा शब्द वय वाढले तरी सुटला नाही. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर प्रार्थना वाचणारा व झाडावर स्मृतिलेख कोरणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी होता. लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि त्याने स्वतःची इंग्रजी दैनंदिनीही लिहून ठेवली. जोन्स व सेम्लर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पण पुढे दर्जा व वेतन यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी मतभेद झालेच. संज्ञेने ठरविलेली पायरी दीक्षेनेही बदलली नाही.

वॉलरचा ग्रंथ म्हणून त्याज्य ठरत नाही. उलट अब्राहमचा नकार त्यानेच जतन केला आहे. मात्र तो वाचताना ‘परतणे’ या क्रियापदापाशी थांबले पाहिजे. शरणपूर रोड हे नाव नाशिकात आजही रूढ आहे. त्या नावामागील माणसांचा इतिहास इंग्रजी ग्रंथांत परतीचा म्हणून लिहिला गेला. वस्तुतः तो दुसऱ्यांदा परदेशी जाण्याचा इतिहास होता.