ध्वनिमुद्रणाचं कौतुक करताना आपण कशाचं कौतुक करतो?



ध्वनिमुद्रणांच्या परीक्षणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘कलाकार जणू आपल्या खोलीत येऊन बसला आहे.’ मग पुढे येतं की तारेवरून बोट घसरल्याचा आवाज ऐकू येतो, गायिकेचा श्वास ऐकू येतो, तबला नेमका कुठे ठेवलाय ते डोळे मिटून सांगता येतं. आणि शेवटी पाच तारे. हे कौतुक खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ते कशाचं असतं? गाण्याचं, की गाणं पकडणाऱ्या यंत्राचं? आजचा विषय एवढाच आहे.

या मंडळींना ‘ऑडिओफाइल’ म्हणतात, म्हणजे आवाजाच्या शुद्धतेचा ध्यास घेतलेला श्रोता. त्याची चेष्टा करू नका. आपल्याकडेही तंबोऱ्याची जवारी लागावी म्हणून दोऱ्याचा तुकडा केसभर पुढे-मागे करत बसणारी माणसं आहेतच की. मिरजेच्या कारागिरांनी त्यातच पिढ्या घालवल्या. ध्यास तोच, वस्तू निराळी.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. सप्टेंबर १९९२. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथलं एक चर्च. तिथे जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर समोरासमोर बसले. भट्ट हे रविशंकरांचे शिष्य. गिटारला तरफेच्या आणि चिकारीच्या तारा चढवून त्यांनी आपली वीस तारांची मोहनवीणा तयार केली. कूडर स्लाइड गिटारचे उस्ताद, ब्लूजमध्ये मुरलेले. दोघांची ओळख मुद्रणाच्या थोडीच आधी झालेली, तालीम अशी नाही. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी, आणि दुंबेक नावाच्या अरबी तालवाद्यावर कूडर यांचा मुलगा वाकीम. मुद्रण करणारे श्रीलंकेत जन्मलेले कविचंद्रन अलेक्झांडर, त्यांची कंपनी वॉटर लिली अकूस्टिक्स. व्हॉल्व्हची यंत्रं, चुंबकीय टेप, मोजके माइक, आणि नंतर काही जोडायचं नाही, काही कापायचं नाही. त्यातून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही तबकडी निघाली. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळालं आणि ऑडिओफाइल मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं.

ती मी पुष्कळदा ऐकली आहे. आवाज अप्रतिम आहे, वाद नाही. तरफेच्या तारांची जी आस मागे रेंगाळते, ती पूर्वीच्या मुद्रणांत अशी क्वचितच सापडली असेल. पण मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत चर्चच्या हवेचं वर्णन आहे, संवादाचं नाही. संवाद कसा झाला? संथ भागात तो खरा होतो. दोघेही मींड जाणणारे, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं हा दोघांच्याही परंपरेचा प्राण. तिथे जयपूर कुठे संपतं आणि मिसिसिपी कुठे सुरू होते, कळत नाही. भट्ट द्रुत तानांत शिरले की कूडर शहाणपणाने मागे सरतात, खालून आधार देत राहतात. तिथे संवाद थांबून साथ सुरू होते. यात कमीपणा नाही, पण हे सांगणं समीक्षकाचं काम आहे. चर्चची हवा तर तिथे कोणीही वाजवलं असतं तरी तीच राहिली असती!

आता जरा तत्त्वाकडे येऊ. अमेरिकेत हॅरी पिअर्सन यांनी १९७३ साली ‘दि ॲब्सोल्यूट साउंड’ नावाचं नियतकालिक काढलं. नाव बघा, निरपेक्ष ध्वनी! तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान लगेच टवकारतात. त्यांची कसोटी अशी: खऱ्या जागेत, ध्वनिवर्धकाशिवाय, प्रत्यक्ष वाजणारं संगीत म्हणजे मूळ. मुद्रण त्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. युरोपातल्या सिम्फनीला ही कसोटी चालते, कारण तिथे वाद्यवृंद आणि सभागृह एकमेकांसाठीच घडलेले असतात.

आपल्याकडे हे मूळ कुठे शोधायचं? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तिथे मंडपात हजारोंनी श्रोते बसतात आणि भीमसेन जोशींचा षड्ज त्यांनी कर्ण्यातूनच ऐकला. आपल्या आष्टीत, कड्यात, धामणगावात अभंगवाणी ज्यांच्या कानावर पडली, ती देवळावरच्या भोंग्यातून, एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलातल्या कॅसेटमधून. सप्त्यातलं कीर्तनही माइकवरच. मग या लोकांनी ‘मूळ’ ऐकलंच नाही, असं म्हणायचं का? लाख-दोन लाखांचे स्पीकर असल्याशिवाय संगीत खऱ्या अर्थाने ऐकता येत नाही, असा त्या कौतुकाचा छुपा अर्थ असतो, आणि त्याला माझा विरोध आहे. माइक आल्यावर कित्येक गवयांनी आवाजाचा लगावच बदलला. त्यांच्या गाण्यात ध्वनिवर्धक बाहेरून चिकटवलेला नाही, तो गाण्याच्या घडणीतच आहे.

दुसरं एक निरीक्षण. ऑडिओफाइल याद्या चाळा. संथ, विरळ, तारा छेडणारी वाद्यं पुष्कळ. ख्याल मात्र, निदान माझ्या पाहण्यात, फार थोडा. का? विरळ संगीतात खोली ऐकू येते आणि यंत्राची परीक्षा होते. ख्यालात गवई खाकरतो, हार्मोनियम मध्ये येते, मागे शिष्याचा सूर, समोरून ‘वाहवा’. म्हणजे कसोटीच संगीत निवडायला लागली.

आता १९७७ कडे वळू. अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, आणि तीत पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने. निवड कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यात आपल्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं ‘जात कहाँ हो’, सुमारे साडेतीन मिनिटं. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण केसरबाईंच्या लगेच नंतर काय येतं, हे फारसं कोणी सांगत नाही. नंतर येतो ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्ससमधला आंधळा, गरीब, रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय गायक. ३ डिसेंबर १९२७ रोजी डलासमध्ये मुद्रित झालेलं ‘डार्क वॉज द नाइट’. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता हुंकार आणि त्याच्याशी बोलणारी स्लाइड गिटार. गोव्यातल्या केरीची बाई आणि टेक्ससचा हा माणूस शेजारी शेजारी. आणि गंमत अशी की राय कूडर यांनी ‘पॅरिस, टेक्सस’ या १९८४च्या चित्रपटाचं संगीत विली जॉन्सनच्या याच रचनेवर बेतलं. म्हणजे सांता बार्बराच्या त्या चर्चमधली अर्धी परंपरा या खरखरत्या तबकडीतूनच आलेली आहे.

दोन्ही मुद्रणं जुनी, एकाच वाहिनीची. ऑडिओफाइलच्या तराजूत ती नापास होतील. तरी यानात गेली तीच.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ात ध्वनीचे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्यामुळे शब्द मुळात प्रकट होतो तो प्राकृत ध्वनी. आणि प्रकट झाल्यावर जो पुढे रेंगाळतो, द्रुत-विलंबित असे भेद दाखवतो, तो वैकृत ध्वनी. व्याकरणाच्या पंडितांनी माफ करावं, पण हा भेद मी इथे उसना घेतो. केसरबाईंच्या तबकडीत प्राकृत ध्वनी शाबूत आहे. आकाराची गोलाई, एका दमात बांधलेली तान, लयीवरचं ते राज्य, सगळं कळतं. हरवलाय तो भोवतालचा पसारा. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ वाचा. घराण्यांचा विचार ते आवाजाच्या लगावावरून, स्वर आणि लय यांच्या नात्यावरून करतात. त्यातलं बरंचसं खरखरीतूनही ऐकू येतं. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांचा तर आवाजच उरलेला नाही. त्यांची गायकी कशी असेल, याचा अंदाज आपण बाईंच्या नटकामोद, ललितागौरीच्या तीन-तीन मिनिटांवरून बांधतो.

मग मुद्रणाचा दर्जा बिनमहत्त्वाचा का? मुळीच नाही. पण कुठला दोष घातक, हे कळायला हवं. खरखर घातक नाही, कान पाच मिनिटांत ती बाजूला सारतो. वेग चुकला तर घात होतो. तबकडी सहा टक्के जास्त वेगाने फिरवली की स्वर जवळपास सा वरून कोमल रे इतका चढतो, लयही तेवढीच वाढते. गवयाची पट्टीही बदलली आणि चालही. दुसरा घात ‘साफसफाई’चा. खरखर काढता काढता आवाजातले वरचे अंश जातात, व्यंजनं बोथट होतात, जवारी मरते. मुद्रण गुळगुळीत होतं आणि परीक्षणात लिहून येतं, ‘किती स्वच्छ!’

याची किंमत कोण मोजतं? घरोघरी, गावोगावी मैफलींचे स्पूल होते, कॅसेट होत्या. रसिकांनी आपापल्या यंत्रावर टिपलेल्या. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या ठिकाणाहून मैफलींची मुद्रणं कॅसेटवर आली, म्हणून आपल्याला त्या बैठकी निदान ऐकता तरी येतात. बाकीच्या कितीतरी ‘क्वालिटी नाही’ या दोन शब्दांवर भंगारात गेल्या. आपल्या भागातल्या कीर्तनकारांच्या, भारुडकारांच्या कॅसेटचंही तेच होतंय. हे दोन शब्द कुठून आले? त्या परीक्षणांतूनच झिरपत आले.

आता बोलणं पुरे. समोर हा साधा स्पीकर आहे, मंडपवाल्याचाच. आधी केसरबाई लावतो, मग लगेच विली जॉन्सन, यानातल्या क्रमानेच. नंतर भट्ट आणि कूडर यांचा पहिला तुकडा. त्यात कूडर यांची गिटार पहिल्यांदा घसरते तिथे लक्ष ठेवा. पंखे तेवढे पाच मिनिटं बंद करा.