जीआयएस लहान झालं, पण चाचणी किती लांब हवी?

एचव्हीडीसी जीआयएसवर काम करायचं ठरवलं असेल, तर सिग्रेचं ८४२ क्रमांकाचं टेक्निकल ब्रोशर (२०२१) टाळता येत नाही. गॅस-इन्सुलेटेड डीसी उपकरणांची डायइलेक्ट्रिक चाचणी कशी घ्यावी, हा त्याचा विषय. या क्षेत्रातले पेपर 'किती जागा वाचली' यावर रेंगाळतात. हे ब्रोशर 'किती वेळ थांबलात' असं विचारतं. त्याची खरी किंमत इथेच आहे.

वेळ का महत्त्वाचा? एसीमध्ये स्पेसरवरचं विद्युतक्षेत्र परमिटिव्हिटी ठरवते. डीसी लावल्यावर सुरुवात तशीच होते, पण पुढे सूत्रं कंडक्टिव्हिटीकडे जातात आणि स्पेसरच्या पृष्ठभागावर चार्ज साचत जातो. याला तास, दिवस, कधी महिनेही लागतात. त्यात कंडक्टर तापलेला आणि बाहेरचं आवरण थंड असेल, तर जास्तीत जास्त ताण कंडक्टरकडून आवरणाकडे सरकू शकतो. म्हणजे डीसी लावून मिनिटभरात घेतलेली चाचणी वेगळ्याच क्षेत्राची परीक्षा घेते. म्हणूनच ब्रोशर डीसी स्थिरावल्यावर, लोडचं तापमान ठेवून, वरून इम्पल्स द्यायला सांगतं. शिवाय दीर्घ मुदतीची प्रोटोटाइप चाचणीही सुचवतं.

आता माझा आक्षेप. समजा, धरमतर खाडीकाठी असं केंद्र उभारायचंय. उघड्या यार्डात डीसी इन्सुलेटर खारी धूळ ओढून घेतात, त्यामुळे बंदिस्त जीआयएसची बाजू भक्कमच आहे. मुंबईत येणाऱ्या कुडूस–आरे (±३२० केव्ही, १००० मेगावॅट) लिंकसारख्या ठिकाणी जागेचा मुद्दाही खरा. पण उघड्यावर ठेवलेलं आवरण एप्रिलच्या उन्हात तापतं आणि आषाढात दिवसेंदिवस भिजत राहतं. एका सरीने फार बिघडणार नाही, कारण क्षेत्र सावकाश बदलतं. अख्ख्या पावसाळ्याचा मात्र परिणाम होईल. थंड स्पेसरची कंडक्टिव्हिटी कमी, म्हणून त्याला स्थिरावायला वेळही जास्त. गरम स्पेसरवर लवकर मिळालेला निकाल थंड, कमी लोडच्या महिन्यांना तसाच लावता येणार नाही. कोकणासाठी हे हिशेब आपल्यालाच करावे लागतील.

अनुभवाचे दाखलेही तपासून घ्या. जपानच्या की चॅनेल प्रकल्पातलं डीसी जीआयएस ५०० केव्हीसाठी बनवलं, पण २००० साली लिंक ±२५० केव्हीवर सुरू झाली. तो अनुभव मोलाचा आहे, पण पूर्ण व्होल्टेजचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

म्हणून पुढचा पेपर हातात घेताना आकाराचे आकडे नंतर बघा. आधी तीन गोष्टी शोधा: डीसी किती वेळ लावून ठेवलं, कंडक्टर आणि आवरण यांच्या तापमानात किती फरक होता, आणि इम्पल्स दोन्ही पोलॅरिटींचे दिले का. यांतलं एखादं उत्तर सापडलं नाही, तर तुमच्या रिसर्च प्रपोजलचा प्रश्न बहुधा तिथेच आहे.