पीडीएफ पुढे पाठवताना आपण काय करतो?

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. आम्ही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्या फोनमध्ये आजही दोन-तीन मराठी कादंबऱ्यांच्या पीडीएफ आहेत, कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेल्या. तेव्हा इथून जे बोलू, ते आधी आम्हाला लागू.

या विषयावर दोन घोषणा ऐकू येतात. पहिली, ‘ही सरळसरळ चोरी आहे.’ दुसरी, ‘ज्ञान सगळ्यांचं आहे, त्याला कुलूप कसलं?’ आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात.

पहिली घ्या. पाकीट मारलं तर पाकीट जातं. फाइल घेतली तर मूळ फाइल जागेवरच राहते. कायदाही याला प्रताधिकाराचा भंग म्हणतो. 1957च्या कायद्यातलं कलम 52 खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी रास्त वापराला मोकळीक देतं. अंध वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायची मुभा 2012च्या दुरुस्तीने दिली. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या इंग्रजी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा 2016 साली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ‘प्रत काढली की गुन्हा’ हे खरं नाही.

आता दुसरी घोषणा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार टिकतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं 2011पासून सर्वांची झाली; ती बेलाशक वाटा. खांडेकर 1976 साली गेले, त्यांची 2036 संपेपर्यंत नाहीत. पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा ती वाढवली गेली. ही मुदत फार लांब आहे, असं आमचंही मत आहे. पण मुदत लांब आहे म्हणून जिवंत लेखकाची कालची कादंबरी फुकट वाटायची, हा कुठला न्याय?

आणि इथे मराठीचा हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे कादंबरीची आवृत्ती अनेकदा हजाराच्या आसपास प्रतींची. किंमत 300 रुपये आणि मानधन दहा टक्के धरलं, तर सगळी आवृत्ती खपून लेखकाच्या हातात 30 हजार रुपये. आता दोनशे जणांच्या गटात एक पीडीएफ टाका. त्यातले सगळे विकत घेणार होते असं नाही, हे मान्य. वीस जण घेणार असतील, तरी प्रकाशक पुढची आवृत्ती काढू की नको, या विचारात पडतो. जागतिक कंपनीला न जाणवणारा ओरखडा इथे जखम होतो. आणि दोनशे जणांना पाठवणं ‘खासगी वापरा’त कसं बसवणार? त्या कलमाची ढाल इथे उपयोगाची नाही.

मग आमच्या फोनमधल्या पुस्तकांचं काय? त्यातलं एक कित्येक वर्षं छापलेलंच नाही. ग्रंथालयात मिळालं नाही, रद्दीवाल्याकडे नाही. मालक पुन्हा छापायला नकार देत असेल, तर कलम 31 अनिवार्य परवान्याची वाट दाखवतं. पण एका पुस्तकासाठी कोण वाचक ते खेटे घालणार? अशा पुस्तकाची कुणीतरी स्कॅन केलेली प्रत जपली, याबद्दल आम्हाला लाज वाटत नाही. कायद्याच्या नजरेत तो भंग असेल. नीतीच्या नजरेत, ते पुस्तक नामशेष होऊ देणं जास्त वाईट. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट निराळी. ते दुकानात मिळतं, लेखिका लिहिती आहे, आणि आम्ही फक्त आळस केला. तिथे ‘ज्ञान मुक्त असावं’ म्हणणं म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाची शाल पांघरणं.

वैध वाटाही आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, विश्वकोशही आहे. गावच्या ग्रंथालयाची वर्गणी एका चित्रपटाच्या तिकिटाहून क्वचितच जास्त असेल.

म्हणून फाइल पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारू या. हे पुस्तक आज विकत किंवा ग्रंथालयात मिळतं का? आणि ज्याचे कष्ट आहेत, त्याला आपण तोंडावर सांगू शकू का, की हे आम्ही असं वाटलं? दुसऱ्या प्रश्नाला आमची मान खाली गेली. ती कादंबरी आम्ही काल मागवली. पीडीएफ मात्र अजून पुसायची राहिली आहे. घरी गेल्यावर तेवढं करतो.