प्याल्यामागील पेढी

मराठी वाङ्मयात मद्याचा विषय नवा नाही. मद्यपी, त्याची सोशिक पत्नी, त्याची उपाशी मुले, त्याला उपदेश करणारा मित्र आणि त्याला बिघडविणारा सोबती ही पात्रे आपल्या नाटकांत, कादंबऱ्यांत व अलीकडच्या आत्मकथनांत इतक्या वेळा येऊन गेली आहेत की, त्यांचे चेहरे वाचकांस पाठ झाले आहेत. पण ह्या मंडळींच्या मागे आणखी एक मनुष्य उभा असतो, आणि त्याची व आपली ओळख क्वचितच होते. तो म्हणजे मद्य गाळणारा, त्याची वहीत नोंद ठेवणारा, पिंपावर मोहोर करणारा आणि शेवटी गल्ल्यामागे बसून ते विकणारा. ह्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने आपल्या आठवणी लिहाव्यात व त्या वाङ्मय म्हणून वाचल्या जाव्यात, असे मराठीत फारसे घडलेले नाही. ही उणीव म्हणजे विषयांच्या यादीतील एक रिकामी जागा एवढेच आहे, की तिच्यामुळे मद्याविषयीचा आपला सारा विचारच एकांगी झाला आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वाङ्मयाने हा धंदा दृष्टीआड केला असला, तरी भाषेने तसे केलेले नाही. दारूच्या दुकानास आपण 'गुत्ता' म्हणतो. पण ह्या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका असा आहे. सरकारने विक्रीचा हक्क लिलावाने द्यावा, मक्तेदाराने तो घ्यावा आणि दिलेली रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल करावी, ही सारी व्यवस्था त्या दोन अक्षरांत साठलेली आहे. 'कलाल' हा शब्द संस्कृतातील 'कल्यपाल' ह्या शब्दापासून आला, आणि 'अबकारी' हा फारसीतून. 'पिठा' हा शब्द तर आता जुन्या माणसांच्याच तोंडी उरला आहे. हे सर्व शब्द धंद्याचे आहेत, व्यसनाचे नाहीत. ज्या समाजाने ते घडविले, त्यास मद्य ही प्रथम एक व्यवस्था आहे आणि मग एक दुर्गुण आहे, हे पुरते ठाऊक होते.

ह्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून राजनीतीसाठी तो पुष्कळ वाचला गेला. पण त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाचा अध्याय वाङ्मय म्हणून वाचण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. एका जाणत्या अधिकाऱ्याची टिपणवही असावी, तसा तो अध्याय आहे. 'मेदक' नावाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व लागते, असे तेथे चोख माप दिले आहे. द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटले असून, ज्या प्रदेशांतून ते येई त्यांवरून पडलेली त्याची नावेही नोंदविली आहेत. किण्व तयार करण्याच्या कामी स्त्रियांची व मुलांची योजना करावी, असेही तेथे सांगितले आहे. पानगृहात निरनिराळ्या खोल्या, शय्या, आसने, सुगंध व फुले असावीत, आणि गिऱ्हाइकांच्या खर्चावर हेरांची नजर असावी. ह्या सर्वांहून मोठे कलम पुढेच आहे: धुंदीत झोपलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्र किंवा पैसा नाहीसा झाला, तर दुकानदाराने तो भरून द्यावा आणि तेवढाच दंडही भरावा!

ह्या एका कलमात जी नैतिक दृष्टी आहे, ती आपल्या पुढील वाङ्मयात शोधूनही सापडत नाही. कौटिल्य मद्यप्याची कीव करीत नाही आणि विक्रेत्यास शिव्याही देत नाही. तो एवढेच विचारतो, की ज्याने ही धुंदी विकली त्याची जबाबदारी किती? आणि तिचा हिशेब करून मोकळा होतो. धंदा आतून पाहिलेल्या माणसासच हा प्रश्न सुचतो.

आता 'एकच प्याला'कडे वळू. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि तेव्हापासून मद्यपानाविषयीची मराठी माणसाची कल्पना ह्याच नाटकाने घडविली, असे म्हणावयास हरकत नाही. सुधाकराचा अपमान होतो, त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो, आणि तेथून सिंधूच्या घराची राखरांगोळी होऊ लागते. ह्या शोकांतिकेचे सामर्थ्य कमी लेखण्याचे आमच्या मनातही नाही. परंतु वाचकांनी एक प्रश्न स्वतःशी विचारून पाहावा: ह्या नाटकात दारू येते कोठून? आर्यमदिरामंडळाच्या बैठका आपण पाहतो, तळीरामाची बडबड ऐकतो. पण नाटकाचे सारे बळ जेथे एकवटले आहे त्या पेल्यामागे गुत्त्याचा मालक, मक्त्याची बोली किंवा सरकारचे उत्पन्न असे काही उभे आहे, ह्याची जाणीव प्रेक्षकास होत नाही. प्याला जणू आकाशातून पडतो, आणि त्याचे सर्व पाप सुधाकराच्या दुबळेपणावर आणि तळीरामाच्या दुष्ट संगतीवर येऊन बसते.

नाटककाराने अबकारीचा इतिहास सांगावयास हवा होता काय, असे कोणी विचारील. तसे मुळीच नाही. शोकांतिकेस एकाग्रता हवी, आणि ती गडकऱ्यांनी साधली. आमची तक्रार गडकऱ्यांविषयी नसून त्यांच्या मागून आलेल्यांविषयी आहे. त्यांनी त्या नाटकाची चौकट हाच मद्याविषयीच्या सत्याचा संपूर्ण नकाशा मानला. वस्तुतः वाङ्मयाबाहेर हा विषय अशा अपुरेपणाने कधीच मांडला गेला नव्हता. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पत्र लिहिले, ते दुकानांविषयी होते. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात स्वयंसेवकांनी जे पहारे केले, ते दुकानांपुढे केले. सार्वजनिक कार्यकर्त्यांना जो गल्ला स्पष्ट दिसत होता, तो आपल्या ललित लेखकांच्या नजरेतून सुटला, हे नवल नव्हे काय?

व्यसनातून बाहेर आलेल्यांची कथने मात्र आपल्याकडे अलीकडे चांगली रुजली. सुनंदा व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, आणि त्या कामातून व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची एक नवी, दयार्द्र दृष्टी मराठी लेखनात आली. हा लाभ मोठाच आहे. तथापि त्या लेखनातही बोलतो तो पिणाराच. विकणारा तेथेही गप्प आहे.

तो गप्प का? एक कारण उघड आहे. गाळण्याविकण्याची कामे ज्यांच्याकडे होती, त्यांच्या हाती लेखणी उशिरा आली. आणि ती आली तेव्हा त्यांना ह्याहून जळती दुःखे सांगावयाची होती. दुसरे कारण कायद्याचे आहे. मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली, बारच्या पाट्या झळकल्या; पण कायद्याच्या नावातील 'दारूबंदी' गेली नाही, आणि मद्य पिण्यास लागणारा परवानाही कागदोपत्री तसाच राहिला. जो धंदा परवान्याने चालतो आणि बंदीच्या कायद्याखाली चालतो, त्यातील माणसास आपण नक्की कोण, हे सांगणे अवघड जाते. तो पाटीवर 'वाइन शॉप' लिहितो व आत सर्व प्रकारची दारू विकतो; मुलांच्या शाळेच्या अर्जावर पित्याचा धंदा 'व्यापार' असा घालून मोकळा होतो. अशा माणसाच्या आठवणी म्हणजे केवळ गमतीदार गोष्टींचा संग्रह नव्हे. आपल्या सार्वजनिक दुटप्पीपणाचा तो साक्षीपुरावाच ठरेल.

परदेशांत हे लेखन कसे झाले, ते पाहणे उपयोगी आहे. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स ह्याने व्हिस्कीची स्तुती गायिली, आणि १७८९ पासून तो स्वतःच अबकारी खात्यात नोकरीस होता. कादंबरीकार नील गन हाही त्याच खात्यातील अधिकारी. इन्व्हर्नेसच्या एका मद्यशाळेवर त्याची नेमणूक होती. त्याने १९३५ साली 'व्हिस्की अँड स्कॉटलंड' हे पुस्तक लिहिले आणि १९३७ साली नोकरी सोडली. मोजमाप करणाऱ्या अधिकाऱ्याची अचूकता आणि त्या भूमीच्या पुत्राचे प्रेम ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र आल्या होत्या. जव भिजविण्यापासून पिंपात मुरण्यापर्यंतची क्रिया त्याच्या लेखी एका राष्ट्राच्या स्वभावाची कथा होते. पण असल्या लेखनाचा दोषही येथेच दिसतो. रसज्ञता वाढली की गिऱ्हाईक दिसेनासे होते. पेला रिकामा झाल्यानंतरचे घर ह्या पुस्तकाच्या कक्षेत फारसे येत नाही. आपल्या वाङ्मयात घर आहे, पेढी नाही. त्यांच्यात पेढी आहे, घर नाही. दोन्ही ज्याच्या नजरेच्या टप्प्यात येतील, असा लेखक हवा आहे.

तो लेखक कृष्णाकाठी निपजावा, अशी अपेक्षा करण्यास सबळ कारण आहे. कराडापासून सांगलीपर्यंतचा हा मुलूख उसाचा आणि द्राक्षांचा, आणि ह्या दोन्ही पिकांची एक वाट मद्याकडे जाते. शंभर टन ऊस गाळला की साखरेमागे सुमारे चार ते साडेचार टन मळी उरते. ती पाण्याने पातळ करून यीस्टने आंबवावयाची, आणि तयार झालेल्या आंबवणातून ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा काढावयाचा. एक टन मळीपासून साधारणतः सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो, आणि प्रत्येक लिटरामागे आठ ते पंधरा लिटर तांबूस काळे, उग्र वासाचे सांडपाणी उरते. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याप्रमाणे महाराष्ट्रातील कित्येक सहकारी कारखान्यांस मद्यार्कशाळा जोडलेल्या आहेत. त्यांतील मद्यार्काचा काही भाग औषधांस व रसायनांस जातो, काही भाग २००३ पासून पेट्रोलमध्ये मिसळण्याकरिता जाऊ लागला, आणि काही भाग बाटलीत जातो. 'देशी' म्हणून हिणविलेली आणि 'विदेशी' म्हणून मिरविलेली अशा दोन्ही बाटल्यांचे मूळ पुष्कळदा ह्या एकाच मळीत असते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्या लेखणीतून आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांवर केवढा प्रकाश पडेल!

द्राक्षांची कथा ह्याहून करुण आहे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले; नाशिककडे विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. तासगावचा बागाईतदार खाण्याच्या द्राक्षांत आणि बेदाण्यात वाकबगार; पण वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची. ती बाजारात खपत नाहीत व बेदाण्याच्याही कामाची नाहीत. २००८ नंतर मंदी आली, वाइनचा खप घसरला, कारखानदारांनी माल उचलणे थांबविले, आणि महाराष्ट्रात अनेकांना वाढविलेल्या वेली उपटाव्या लागल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' आणि 'वाइन म्हणजे दारूच' असा वाद वर्तमानपत्रांतून रंगला. त्या वादात शेतकऱ्याचे नाव दोन्ही पक्षांनी घेतले. परंतु ज्याने वेल लावली आणि ज्याने ती उपटली, त्याचे स्वतःचे निवेदन त्या गदारोळात कितीसे ऐकू आले?

आतल्या माणसाने लिहिले म्हणजे काय होते, हे आपण पूर्वी पाहिले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० साली आले, आणि ज्यांचे जगणे तोवर दुसरेच वर्णन करीत होते ते स्वतः बोलू लागताच मराठी वाङ्मयाची नीतीच बदलली. दया दाखविणाऱ्या वाचकास आपणही त्या व्यवस्थेचे भागीदार आहोत, हे उमगले. मद्याच्या धंद्यातील प्रामाणिक आठवणींचा परिणाम काहीसा असाच होईल. कारण ऊस घालणारा सभासद, कारखान्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेत शिकणारा विद्यार्थी, तेथे शिकविणारा शिक्षक आणि करातून चालणाऱ्या राज्याचा नागरिक, ह्यांपैकी संपूर्णपणे बाहेरचा असा कोण उरतो? आम्ही सुशिक्षित मंडळी सिंधूसाठी डोळे पुसतो, आणि तिच्या घरी गेलेल्या पेल्याचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला गेला, हे विचारीत नाही. ती वही आपल्याच घरात निघण्याचा संभव आहे.

अशा लेखनाची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी, हेही सांगितले पाहिजे. त्यात क्रियेची अचूक माहिती असावी. रसिकतेचा तोरा नसावा. त्यात पैशाची वाट दाखविलेली असावी: कोणास किती मिळाले, कोणाच्या नावावर परवाना होता आणि प्रत्यक्ष राबला कोण. पश्चात्तापाचे प्रदर्शन त्यात नसावे. कारण रडून मोकळा झालेला लेखक वाचकासही मोकळे करून सोडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्यात असावा. विक्रेत्याने तो रोज पाहिलेला असतो. आणि त्याला 'आज नको' असे त्याने कधी म्हटले की नाही, ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या पुस्तकाची खरी किंमत ठरेल.

१९७५ साली कराडास मराठी साहित्य संमेलन भरले. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, देशात आणीबाणी होती, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा उच्चार सत्तेच्या समक्ष केला. त्या प्रसंगाचा अभिमान कराडकर आजही बाळगतात, आणि तो योग्यच आहे. पण सत्ताधाऱ्यांसमोर निर्भयपणे बोलण्याइतकेच आपल्या अन्नदात्या धंद्याविषयी खरे बोलणे कठीण असते. महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी दुकाने बंद करण्यासाठी गुप्त मतदान केले. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे असत: उभी म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे जावे. त्या स्त्रियांनी आपले म्हणणे एका शिक्क्यात सांगितले. गल्ल्याच्या पलीकडील बाजूने जे सांगावयाचे आहे, ते सांगण्यास मात्र एक पुस्तक लागेल, आणि ते अजून लिहिले जावयाचे आहे.