सातभाईंनी 'बोलावलं' की पिल्लू नुसतंच गेलं?

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात सातभाईंनी अचानक कलकलाट सुरू केला की माणसं हातातलं काम थांबवून तिकडे बघतात. मुंगूस असेल, मांजर असेल, बिबट्याही असू शकतो. आपल्याला माहिती मिळाली हे खरं. पण म्हणून ती सातभाईंनी आपल्याला दिली, असं कोणी म्हणणार नाही. मग एकमेकांना तरी ते ती मुद्दाम देतात का?

घोडेगावजवळच्या माझ्या पहिल्या वर्षीच्या नोंदवहीत 'मोठ्याने पिल्लाला बोलावलं' हे वाक्य सतरा वेळा आहे. गाइडनी एकच विचारलं, "बोलावलेलं दिसलं, की पिल्लू गेलेलं दिसलं?" ती पानं थीसिसमध्ये येणार नाहीत.

म्हणूनच बेन मोखा, मंड्री आणि पिका यांचा २०१९ चा पेपर मी जरा कुरकुरतच उघडला. विषय इस्रायलच्या वाळवंटातल्या अरबी सातभाईंचे १२ गट. आपल्या सातभाईंसारखेच हेही सहकारी प्रजनन करतात, म्हणजे एका जोडीची पिल्लं गटातले बाकीचेही भरवतात. लेखकांनी दोन वर्तनं निवडली. एकात पक्षी काडीसारखी वस्तू जोडीदाराला दाखवतो आणि मग दोघं बरोबर निघतात. दुसऱ्यात मोठा पक्षी पिल्लापुढे पंख हलवत चालतो, थांबून मागे बघतो, पिल्लू आलं नाही तर पुन्हा तेच करतो.

पेपरचं बळ इथे आहे. समोरच्याचं लक्ष आहे का हे बघणं, प्रतिसादाची वाट पाहणं, तो मिळेपर्यंत नेटाने चालू ठेवणं, असे हेतूचे निकष आधी ठरवून मग मोजणी केली आहे. माझ्या नोंदवहीत नेमकं हेच नव्हतं. पिल्लाचं वागणं बदलावं हा हेतू मोठ्या पक्ष्याला होता, इथपर्यंत मला मान्य आहे.

पुढे पेपर 'संयुक्त अवधाना'कडे उडी मारतो, तिथे मी अडते. वर्षाचं मूल चांदोबाकडे बोट दाखवतं आणि आईने पाहिलं का म्हणून वळून तिच्या तोंडाकडे बघतं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर, आणि ते दोघांनाही ठाऊक. सातभाईच्या पिल्लाला यातलं काहीच ठाऊक असायची गरज नाही. पंख हलले की मागे जायचं, एवढं अंगवळणी पडलं तरी तेच दृश्य दिसेल. बाळांसाठीचे निकष पक्ष्याने पूर्ण केले, याचा अर्थ पक्षी बाळासारखा आहे असाही होईल, किंवा निकषच सैल आहेत असाही.

शीर्षकात आणखी एक प्रश्न आहे: हा सहकारी प्रजननाचा परिणाम का? वानरांसारखा मेंदू लागतोच, हे खोडायला एक पक्षी पुरतो. पण सहकारी प्रजननामुळेच हे आलं, हे दाखवायला एक जात कशी पुरेल? तसं न करणारे जवळचे नातेवाईक शेजारी ठेवून बघावे लागतील. (व्हायवाला हा फरक हमखास विचारतात.)

याच्याशेजारी मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा वेड्या राघूवरचा २००२ चा, 'ॲनिमल कॉग्निशन'मधला पेपर ठेवून वाचा. भक्षकाची नजर घरट्यापासून दुसरीकडे असली की पक्षी घरट्यात जास्त वेळा शिरत होते. खरी गंमत कोनात आहे. नुसती आपल्यावरची नजर टोचत असती, तर नजर आणि पक्षी यांच्यातला कोन महत्त्वाचा ठरला असता. तो ठरला नाही. घरट्याशी होणारा कोन ठरला. एक सोपं स्पष्टीकरण तिथे आकड्यांनी बाद झालं. आणि नाव काय ठेवलंय, वेडा राघू! तो प्रयोग संवादाचा नाही, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण सातभाईंच्या पेपरात मला अशीच एखादी फोड हवी होती.

सध्या मी पिल्लू हलायच्या आधीच व्हिडिओ कापते आणि पुढे काय झालं हे माहीत नसलेल्या मैत्रिणीला विचारते, मोठा पक्षी काय करतोय? अर्ध्याहून जास्त वेळा ती म्हणते, "पंख साफ करतोय बहुतेक."