जॉन्सनचे पाच ‘ऑफ’

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेतला एक परिच्छेद मी पुन्हापुन्हा वाचतो. क्रियापदाला चिमुकले अव्यय जोडले की अर्थ पार पालटतो, आणि परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच, असे जॉन्सन तिथे सांगतो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तेव्हा नव्हते. ते छापून आले १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात.

जॉन्सन व्याख्या करत बसत नाही, सरळ उदाहरणे देतो. एकूण ११. त्यांतली पाच एकट्या ‘ऑफ’ची: ‘कम ऑफ’ म्हणजे युक्तीने निसटणे, ‘फॉल ऑफ’ म्हणजे धर्म सोडणे, ‘ब्रेक ऑफ’ म्हणजे मध्येच थांबणे, ‘सेट ऑफ’ म्हणजे शोभा आणणे, ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणे. मग तो म्हणतो, यांतले काही प्रयोग मूळ शब्दांपासून इतके दूर गेले आहेत की त्यांची वाट कुणालाच शोधता येणार नाही.

पण ही पाच उदाहरणे एकत्र वाचावीत. निसटणारा संकटापासून सुटा होतो, धर्म सोडणारा आपल्या माणसांपासून. थांबलेले बोलणे तिथेच तुटते. शोभा आणायची तर वस्तू आजूबाजूच्या गोष्टींपासून वेगळी उठून दिसावी लागते. नक्कल करणारा माणसाची ढब त्याच्यापासून अलगद उचलून घेतो. पाचही ठिकाणी काहीतरी कशापासून तरी सुटते आहे. जॉन्सनने हरवली म्हटलेली वाट त्याच्याच यादीत मला दिसते.

इंग्रजीत अव्यय करते ते अर्थ पालटण्याचे काम आपल्याकडे जोडीला येणारे दुसरे क्रियापद करते. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत जवळपास तोच आहे.

वाक्यरचनेबद्दल जॉन्सनचा परिच्छेद काही सांगत नाही. ‘टेक ऑफ द कोट’ चालते, ‘टेक द कोट ऑफ’ही चालते, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘टेक इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी ‘इट’ आले तरी फुटत नाही. हे वापरूनच अंगवळणी पडते.

शेवटी जॉन्सन कबूल करतो की संग्रह पूर्ण नाही. जे राहिले ते दिलेल्यांशी ताडून उलगडेल. ‘कॉल ऑफ’ त्याच्या या ११ मध्ये नाही. सभा ‘कॉल ऑफ’ झाली, असे वाचल्यावर ते पाच ‘ऑफ’ आठवावेत: ठरलेल्या बेतातून सभा सुटली, म्हणजे रद्द झाली.